मावशी, मी आणि नऊ सॅलॅमँडर

सॅलॅमँडर मी आधी परीक्षेपुरताच ओळखत होते. चार पाय, लांब शेपटी, ओलसर कातडी, आणि पाय तुटला तर नवा फुटतो. पाच गुणांच्या उत्तराला एवढं पुरायचं. खरा सॅलॅमँडर पाहिला तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात. सरांचा एक जुना विद्यार्थी दार्जिलिंगकडे नोकरीला होता. त्यानं तिकडच्या डोंगरातले बारा प्राणी बर्फाच्या पेटीत घालून हावड्याच्या गाडीनं पाठवले होते. तिघं वाटेतच गेले होते. सरांनी पेटीतलं ओलं शेवाळ बाजूला सारलं आणि आम्ही तिघं वाकून पाहू लागलो: सर, त्यांच्याकडे पीएच.डी. करणारी मी, आणि विभागात रोजंदारीवर झाडलोट, पाणी, उंदरांचे पिंजरे असं सगळं पाहणारी मावशी.

एका काळपट, पाठीवर फोडांची रांग असलेल्या प्राण्यानं मान वर केली.

"माय वं," मावशी म्हणाली, "हे तं हासून राह्यलं!"

त्याच्या तोंडाची रेघच तशी होती. सर हसले. मी हसले नाही. मावशी अशी बोलली की मला कसंसंच व्हायचं. मी अल्लीपूरची, शेतकऱ्याची मुलगी. माझ्या घरात सगळे तसंच बोलत. पण सर पुण्याकडचे, आणि त्यांच्यासमोर 'मले', 'तुले' तोंडातून निघू नये म्हणून मी दोन वर्षं जीभ आवळून धरली होती. मावशी माझ्याशी वऱ्हाडीत बोलायची, आणि मी तिला पुस्तकातल्यासारखी उत्तरं द्यायची. तिला ते कळत होतं. एकदा म्हणालीही, "तू कोन्या गावची वं पोरी? अल्लीपूरची मनतेत लोकं. वाटत नाई." मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

सरांचा प्रश्न असा होता. सॅलॅमँडरचा पाय कापला तर हाडांसकट अख्खा नवा येतो. पण पाय जागच्या जागी ठेवून आतलं हाडच मोडलं तर? किंवा हाडाचा मधला तुकडा काढून घेतला तर ती फट भरते का, आणि किती मोठी फट भरते? हे पाहायचं तर मोडलेलं हाड हलता कामा नये. माणसाला प्लास्टर घालून खाटेवर निजवता येतं. सॅलॅमँडर गुंगी उतरली की चालायला लागतो, आणि हाडाची टोकं एकमेकांवरून सरकतात. मग हाड सांधलं नाही ते फटीमुळे की हलण्यामुळे, हे कसं सांगणार?

परदेशात यासाठी बारीक अवजारं मिळत असतील. आमच्याकडे कीटक टोचून ठेवायच्या पिना होत्या. जनावराच्या मांडीचं हाड आगपेटीतल्या काडीपेक्षा बारीक. आधी सरांनी हाडाच्या पोकळीत एकच पिन सारून पाहिली. ती फिरली, गंजली, आणि पंधरा दिवसांत पाय सुजून तो प्राणी कण्हल्यासारखा एका जागी पडून राहिला. पिन काढली तेव्हा कुठं वाचला.

तेव्हा बाहेरून धरायची युक्ती निघाली. ती कुणाची, हे आता मला नीट सांगता येत नाही. सर म्हणत, त्यांची. मला आठवतं की पिंजरे धुता धुता मावशीच म्हणाली होती, "मांडवाच्या मेढी कशा रायतेत? खाली जमिनीत, वरतं आडव्या बल्लीले बांधेल. मंधातली जमीन खोदली तरी मेढी हालत नाईत." सर उठले आणि त्यांनी फळ्यावर चित्र काढलं. हाडाच्या वरच्या टोकात दोन पिना, खालच्या टोकात दोन, आणि चारही पिनांची डोकी कातडीबाहेर एका ताठ पट्टीत अडकवलेली. पट्टी बसली की मग मधलं हाड कापायचं. म्हणजे टोकं हलायला जागाच नाही.

पट्टी मी कंगव्याच्या पाठीची बनवली. नखाच्या निम्म्यानं रुंद, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी लांब. तिला चार भोकं वर्ध्याच्या एका घड्याळजीनं पाडून दिली. तो डोळ्याला भिंग लावून म्हणाला, "हे कोणत्या घड्याळात बसतं?" हाड कापायला सोनाराकडची केसासारखी करवत आणली.

हात माझे चालले. लहानपणी आईनं माझ्याकडून रुखवताच्या मण्यांच्या वस्तू करून घेतल्या होत्या, बदकं, तुळशीवृंदावनं, आगगाडी. त्या हातांना इथं काम मिळालं. प्राणी गुंगीच्या पाण्यात सैल झाला की मावशी त्याला ओल्या मलमलीत धरायची, नुसता मागचा पाय बाहेर. मी मांडीवर छोटीशी चीर द्यायची, स्नायू बाजूला सारायचे, पट्टी कातडीबाहेर हाडाच्या रेषेत धरून पहिली पिन दोन बोटांत फिरवत फिरवत आत उतरवायची. हाडात पिन शिरताना बोटाला कळतं. आधी घसरते, मग धरते. चार पिना, मग करवत, मग दोन टाके. पहिल्याला दोन तास लागले, चौथ्याला चाळीस मिनिटं. सर सांगायचे, "असे हात मी दुसरे पाहिले नाहीत." मी ते वाक्य घरी जाताना मनात घोळवायची.

जगवायचं काम मात्र मावशीचं होतं. डोंगरातली, थंड हवेतली जनावरं ती, आणि आमचा उन्हाळा असा की दुपारी दाराच्या कडीला हात लावता येत नाही. मार्च लागला तशी मावशीनं कुंभाराकडून रुंद तोंडाचे माठ आणवले, ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरले, आणि एकेका माठात थोडं पाणी घालून एकेक प्राणी ठेवला. वर ओलं फडकं. खिडकीत वाळ्याच्या ताट्याचा कूलर होता, त्याची टाकी खोलीच्या आतून दिवसातून चारदा भरावी लागे. ती रविवारीही यायची. विहिरीजवळची जागा खणून गांडुळं काढायची, ती धुऊन चिमट्यानं एकेकाला भरवायची. तिनं सगळ्यांना नावं ठेवली होती. मी वहीत आकडे लिहायची, तिच्या नावांवर हसायची.

एप्रिलच्या शेवटी नऊपैकी सहांच्या पायात पट्ट्या होत्या. तिघांच्या हाडात नुसता काप, तिघांच्या हाडातून तुकडा काढलेला. एकाही पायाला पू नव्हता.

मे महिन्यात सर परीक्षेच्या कामासाठी पाच दिवस पुण्याला गेले. खोलीच्या दोन किल्ल्या होत्या. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. माझी मी संध्याकाळी ऑफिसात बाबूंच्या खिळ्याला लावून जायची, सकाळी मावशी तिथून घ्यायची. शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी गेले, मापं घेतली, खोली बंद केली आणि हिंगणीच्या एसटीसाठी पळाले. माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. संध्याकाळी परत यायचं ठरलं होतं.

दुपारी जेवणाची पंगत उठल्यावर रुमाल काढायला पर्स उघडली आणि किल्ली हाताला लागली.

ती किल्ली हातात घेऊन मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. पण मला सगळं ठाऊक होतं, हे मात्र नीट आठवतं. सकाळी भरलेली कूलरची टाकी आतापर्यंत कोरडी पडली असेल, हे ठाऊक होतं. पाच वाजता परतीची गाडी आहे, हेही ठाऊक होतं. त्याच वेळी माझी काकू आली आणि कानाशी म्हणाली, "साडी बदलून घे. मुलाकडचे आलेत. त्यायनं तुले पाह्यलं, उद्या घरी बसून बोलनार हायेत."

मुलगा तालुक्याला बँकेत होता. दोन ठिकाणी मला नाही म्हणून गेलेले. मी सत्तावीसची झाले होते आणि वडील अलीकडे माझ्याशी लग्नाबद्दल बोलायचंच टाळत. मी किल्ली पर्समध्ये परत टाकली. मनाशी म्हटलं, मावशी हुशार आहे, काहीतरी करेल. पाच वाजता गाडीचा हॉर्न ऐकू आला. मी साडीच्या निऱ्या करत होते.

रविवारी बोलणी झाली. सोमवारी सकाळी निघणार होते, तर मुलाच्या आत्याला भेटून जा म्हणाले. मी तिलाही भेटले. सोमवारी दीड वाजता कॉलेजला पोचले.

विभागाच्या मागच्या बाजूनं आले तर खोलीच्या तिन्ही खिडक्यांवर बाहेरून गोणपाटं टांगलेली. ओली. खालची माती भिजून चिखल झालेला. दारापाशी बादली, आणि दाराखालच्या फटीतून आत पाणी ढकलल्याच्या खुणा. मावशी तीन दिवस बाहेरून ती खोली भिजवत होती.

कुलूप काढलं. आतला वास सांगत नाही. सात जण पांढरी पोटं वर करून माठांत तरंगत होते. दाराजवळच्या दोन माठांभोवतीच्या वाळूत फटीतलं पाणी मुरलं होतं, त्यातले दोघं जिवंत होते. दोघांच्याही पायात पट्ट्या होत्या.

मी रडले नाही. मी बाहेर गेले आणि गोणपाटं काढायला लागले. आजवर मी हे स्वतःला दहा प्रकारे समजावून पाहिलं आहे. उजेड यावा म्हणून काढली, हवा यावी म्हणून काढली. नाही. सर तीनच्या गाडीनं येणार होते आणि त्या गोणपाटांवरून त्यांना कळलं असतं की किल्ली नसल्यानं कोणीतरी बाहेरच अडकलं होतं. मी ती घडी करून जिन्याखाली, जुन्या पिंजऱ्यांच्या मागे ठेवली. बादली विहिरीवर नेऊन ठेवली.

मावशी विहिरीकडूनच येत होती, डोक्यावर घागर. मला पाहून घागर तशीच खाली टाकली.

"उघडलं? जित्ते हायेत का वं?"

"दोन आहेत."

ती आत गेली. एकेका माठातून एकेक मेलेला प्राणी ओंजळीत घेऊन तिनं ओल्या फडक्यावर ओळीनं ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. मग खिडक्यांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

सर आले ते सरळ खोलीतच. फडक्यावरची ओळ त्यांनी पाहिली, कूलरची टाकी पाहिली.

"पाणी कोणी घातलं नाही?"

सर मावशीकडे वळले.

"मावशी, तुम्ही आला नाहीत?"

"आलती ना सायेब. तिन्ही दिवस आलती. पन किल्ली..." ती थांबली आणि माझ्याकडे वळली. तिनं माझं नाव घेतलं नाही. ती वाट पाहत होती. मी बोलेन अशी तिची खात्री होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी स्वच्छ, शुद्ध मराठीत म्हणाले, "किल्ली मी शनिवारी ऑफिसात ठेवली होती, सर."

"नाई सायेब," मावशी म्हणाली. "हापिसात नोती. मी बाबूले इच्यारलं. हिच्या खोलीवर गेलती, कुलूप होतं. बाबू मने सायबाच्या हुकमाबिगर दार तोडता येत नाई."

"पुरे," सर म्हणाले. "जनावरं मेली आहेत. आता कारणं नकोत."

दुसऱ्या दिवसापासून तिनं यायचं नाही असं ठरलं. रोजंदारीच्या माणसाला कागद द्यावा लागत नाही. तिनं कोपऱ्यातली आपली पिशवी उचलली, दोघा उरलेल्यांच्या माठांवरची फडकी ओली केली आणि गेली. मला वाटलं होतं ती भांडेल, शिव्या देईल. ती भांडली असती तर मला तिचा राग येऊ शकला असता.

त्या दोन प्राण्यांवर माझी पीएच.डी. झाली. म्हणजे आधीच्या नोंदी होत्या, पुढच्या वर्षी आणखी प्राणी आले, पण मुख्य निष्कर्ष त्या दोघांचाच. एका दंतवैद्याकडे दाताच्या छोट्या फिल्मवर आम्ही त्यांच्या मांड्यांचे एक्स-रे काढले. ज्याच्या हाडात नुसता काप दिला होता त्याचं हाड सांधलं होतं. ज्याचा तुकडा काढला होता त्याचं महिन्यांमागून महिने गेले तरी नाही. फटीच्या दोन्ही टोकांना नुसती कूर्चेची टोपी आली होती. सर खुर्चीतून उठले. अख्खा पाय नवा उगवणारा प्राणी आणि हाडातली एवढीशी फट त्याला भरता येत नाही! पट्टी जागची हलली नव्हती, म्हणजे दोष हलण्याचा नव्हता. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मीही खूश झाले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला मावशीची आठवण आली नाही.

हिंगणीला ज्यांनी पाहिलं त्यांच्याशीच माझं लग्न झालं. मी हिंगणघाटच्या कॉलेजात शिकवायला लागले. विद्यापीठाच्या कामाला नागपूरला जावं लागे, आणि पॅसेंजर सिंदी रेल्वेला थांबे. एकदा मी खिडकीत बसले होते आणि फलाटावर कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या बायकांचा घोळका होता. केसांना कापूस चिकटलेला, पाठीवर गाठोडी. त्यांत मावशी होती. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. गाडी सुटेपर्यंत एकच ओळ वाचत राहिले. पुढच्या वेळेपासून मी फलाटाच्या उलट्या बाजूची खिडकी धरायची.

हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं, ते लग्नाला पाच-सहा वर्षं झाल्यावर. कशावरून निघालं ते आठवत नाही. मी सांगत गेले, किल्ली, एसटी, गोणपाटं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते हसून म्हणाले, "म्हणजे मला पाहायला थांबलीस म्हणून!" ते वाईट माणूस नाहीत. त्यांना ते आवडलं होतं, एवढंच. नंतर एका रविवारी बँकेतले दोघं-चौघं सपत्नीक जेवायला आले असताना त्यांनी ती गोष्ट सांगितली. "आमच्या लग्नासाठी सात सरड्यांनी प्राण दिले!" सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "आणि ती कामवाली?" ते म्हणाले, "तिला काय, मिळालं असेल दुसरं काम." मी वाढत होते. माझ्या हातात भाताचं पातेलं होतं, आणि मीही हसले. पाहुण्यांसमोर हसतात तसं. इतकी वर्षं जे लपवलं ते आता आमच्या घरातला विनोद झालं होतं, आणि त्यात मी साथ दिली होती.

त्याच आठवड्यात मी सिंदीला उतरले.

जिनिंगमध्ये विचारत विचारत तिचं घर सापडलं. ओसरीत बसून ती मिरच्यांची देठं काढत होती. केस सगळे पांढरे. मला पाहून उठली नाही.

"आलीस," म्हणाली. एवढंच.

मी सगळं पाठ करून आले होते. पण तोंड उघडलं आणि निघालं ते वेगळंच. "मावशी, किल्ली माह्यापाशीच होती."

किती वर्षांनी मी घराबाहेर तशी बोलले.

"मले का मालूम नाई?" ती म्हणाली. "गोनपाटं बी तूच काढली. जिन्याखाली पाह्यली मी, जातानी. वल्ली होती."

"मंग तू सायबाले काऊन नाई दाखवली?"

तिनं एक मिरची घेतली, देठ काढलं. "मले वाटलं तूच सांगशीन. आज नाई तं उद्या. आठ दिस घरी बसली मी, मनलं कोनी बोलवाले येईन." मग म्हणाली, "मंग नाई वाटलं."

मी रडायला लागले. तिनं मला थांबवलं नाही, पाणीही दिलं नाही. माझं रडून झाल्यावर तिनं विचारलं, "ते दोन जगले का?"

"जगले. एक चार वर्षं जगला."

"पाय?"

"एकाचा सांधला. एकाचा नाही."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "मले काय मनलं लोकायनं, मालूम हाये? जनावरं मारली मनून काढलं. माह्या सुनेच्या मायनं मनलं. आमच्या गल्लीत मनलं. मी कोंबडी बी कापत नाई. तू सायबाले सांग. अन् लेहून आन."

सर निवृत्त होऊन वर्ध्यातच राहत होते. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"किल्ली ऑफिसात नव्हती, हे मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "बाबूंना विचारलं होतं मी."

"मग सर, तुम्ही..."

"पट्ट्या कोण बसवणार होतं? पाणी घालायला कोणीही मिळालं असतं." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "चुकलंच. लिहून आण, मी सही करतो."

म्हणजे त्या दिवसापासून आम्ही तिघंही खरं जाणून होतो, आणि शिक्षा मात्र ती एकटीच भोगत होती. मला क्षणभर हलकं वाटलं, ओझं दोघांत वाटलं गेल्यासारखं. त्या हलकं वाटण्याचीही मला आज लाज वाटते.

पत्र लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या. पहिल्या कागदावर मी 'गैरसमजातून' असा शब्द लिहिला होता. दुसऱ्यावर 'अनवधानाने'. दोन्ही फाडले. शेवटी लिहिलं ते असं: किल्ली माझ्याकडे होती, मला ते त्याच दिवशी कळलं होतं, परत येता येत असून मी आले नाही, मावशीनं तीन दिवस बाहेरून पाणी घातलं, जे दोन प्राणी वाचले ते तिच्यामुळे वाचले, आणि मी खोटं बोलले. खाली माझी सही, त्याखाली सरांची. त्यांनी वाचून पाहिलं नाही. सही केली आणि पेनचं टोपण लावलं.

पुढच्या रविवारी मी ते घेऊन सिंदीला गेले. मावशीनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि मला परत दिला.

"मले वाचता येत नाई. वाच."

मी ओसरीत बसून वाचायला सुरुवात केली.

"अशी नाई. थांब." ती उठून बाहेर गेली आणि शेजारच्या दारांवरून हाका मारत सुटली. दहा-बारा बायका जमल्या. काही जिनिंगमधल्या होत्या, एक म्हातारी काठी टेकत आली. मावशीची सून दाराला टेकून उभी राहिली. मला अंगणात उभं केलं.

मी वाचलं. माझी वाक्यं पुस्तकी होती, त्यांना कळेना. मावशी म्हणाली, "आपल्या बोलीत सांग." मग मी कागदावरून नजर काढली आणि सांगितलं. किल्ली माह्यापाशी होती. मी लग्नाले गेलती. मले पाह्याले लोकं आलते मनून मी थांबली. हिनं दाराखालून पानी घातलं. मी गोनपाटं काढून लपवली. सायबानं इच्यारलं तं मी खोटं बोलली, अन् हिचं काम गेलं.

काठीवाली म्हातारी कानानं कमी होती. तिनं शेजारणीला विचारलं, "काय मनते हे?" शेजारीण तिच्या कानाशी ओरडून म्हणाली, "जनावरं हिनं मारली मनते, आपल्या बाईनं नाई!"

म्हातारीनं माझ्याकडे खालून वर पाहिलं. "मंग इतके साल काय करून राह्यली होती?"

मी मावशीकडे पाहिलं. तिनं माझ्या हातातून कागद घेतला, चार घड्या केल्या आणि सुनेकडे दिला.

"नीट ठेवजो," ती सुनेला म्हणाली. "तुही माय आली की तिलेबी वाचून दाखवजो."